यार्ड नंबर ते नाव : माझगाव गोदीतल्या युद्धनौका आणि पाणबुड्या

माझगाव गोदीच्या कागदपत्रांत 'कलवरी' शोधायला गेलात तर आधी ११८७५ हा आकडा हाती लागेल. 'खांदेरी' म्हणजे ११८७६, 'करंज' ११८७७, 'वेला' ११८७८, 'वागीर' ११८७९ आणि 'वागशीर' ११८८०. गोदीत जहाज ओळखलं जातं ते यार्ड नंबरानं. पोलादी पत्र्याच्या मागणीपासून वेल्डिंगच्या तपासणी अहवालापर्यंत सगळीकडे तोच नंबर. नाव ठरतं नौदलाच्या मुख्यालयात. गोदीला त्यात मत नसतं, आणि खरं सांगायचं तर वेळही नसतो.

नाव चारचौघांत घेतलं जातं ते जलावतरणाच्या दिवशी. अथर्ववेदातली प्रार्थना म्हटली जाते, जहाजाला नाव द्यायचा मान रीतीप्रमाणे एखाद्या स्त्रीला मिळतो, आणि जहाज पाण्याला लागतं. पाहुणे चहा घेऊन घरी जातात. गोदीचं निम्मं काम तिथून पुढे असतं: यंत्रं, तोफा, क्षेपणास्त्रं, किलोमीटरच्या किलोमीटर केबल, मग बंदरातल्या चाचण्या, मग समुद्रातल्या. जहाज नौदलाच्या हवाली होतं त्या कागदावर नंबर आणि नाव शेजारी शेजारी असतात. कमिशनिंगच्या दिवशी डोलकाठीवर पताका चढते, नावाआधी 'आयएनएस' लागतं आणि नंबर फायलींच्या कपाटात जातो.

गोदीचा इतिहास नंबरांच्या क्रमानं लिहिणं सोपं आहे. इथे तो नावांच्या अंगानं लिहिला आहे, कारण नौदलाची नावं परत येतात. जुनं जहाज मोडीत गेलं, बुडालं किंवा नेमबाजीचं लक्ष्य झालं तरी काही वर्षांनी त्याच नावाचं नवं जहाज उभं राहतं. नाव परत द्यायला एक सही पुरते. जहाज बांधणारे हात परत आणायला काय काय लागतं, हे या गोदीला एकदा चांगलंच कळलं आहे.

दुरुस्तीची गोदी

माझगावला पहिली छोटी सुकी गोदी झाली १७७४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत. इथे एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पुढची शंभरावर वर्षं सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. पण ते सगळं काम बॉम्बे डॉकयार्डचं, म्हणजे फोर्टाच्या बाजूला आज नौदलाची गोदी आहे तिथलं. समारंभांच्या भाषणांत वाडियांची जहाजं सर्रास माझगावच्या खाती जमा होतात. ज्याचं श्रेय त्याला द्यावं. माझगावकडे स्वतःचं पुरेसं आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही माझगावच्या गोदीवर पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांचा वावर राहिला. काम मुख्यतः दुरुस्तीचं. १९३४ मध्ये खासगी कंपनी म्हणून तिची नोंद झाली. १९६० मध्ये केंद्र सरकारनं ती विकत घेतली, कलकत्त्याच्या गार्डन रीच कारखान्याबरोबरच. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते आणि युद्धनौका आपल्या देशात बांधायच्या हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये वास्कोला काढलेली छोटी गोदी गोवामुक्तीनंतर माझगावच्या कारभाराखाली आली आणि १९६७ पासून गोवा शिपयार्ड या नावानं तिची उपकंपनी झाली. आज गोवा शिपयार्ड आपल्या पायावर उभी आहे.

सहा पर्वत

छोटी जहाजं आणि दुरुस्ती यांवर जगणाऱ्या गोदीनं एकदम फ्रिगेट बांधायला घ्यावी हे त्या काळात अनेकांना धाडसच वाटलं असणार. आराखडा ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाचा, सहकार्य व्हिकर्स आणि यारो या कंपन्यांचं. लांबी ११३ मीटर, वाफेच्या टर्बाइनची ताकद तीस हजार अश्वशक्ती. पहिल्या जहाजाची कील (तळाचा कणा) २३ ऑक्टोबर १९६६ रोजी पडली, बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला जलावतरण झालं आणि ३ जून १९७२ रोजी 'आयएनएस नीलगिरी' नौदलात दाखल झाली. आधुनिक भारतात बांधलेली ही पहिली मोठी युद्धनौका.

तिच्यामागून 'हिमगिरी', 'उदयगिरी', 'दुनागिरी', 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी' आल्या. शेवटची १९८१ मध्ये. सहाही जहाजं एकाच वर्गाची म्हणून मोजली जातात, पण पहिली आणि सहावी शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांत भरतो. 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी' यांच्या मागच्या भागात इथल्याच आरेखकांनी इतके फेरफार केले की सी किंगसारखं अवजड हेलिकॉप्टर त्यांच्यावर उतरू आणि राहू लागलं. मूळ ब्रिटिश आराखड्यात त्याची सोय नव्हती. दुसऱ्याचं ड्रॉइंग घेऊन बसलेली माणसं त्यावर पेन्सिल चालवू लागली होती. माझ्या मते गोदीच्या इतिहासातलं खरं वळण 'नीलगिरी'च्या जलावतरणापेक्षा हे आहे.

ती पेन्सिल पुढे 'गोदावरी'वर चालली. लिअँडरचा सांगाडा लांबवून सव्वाशे मीटरच्या वर नेला, दोन सी किंग मावतील असं हँगर केलं, सोव्हिएत क्षेपणास्त्रं, पाश्चात्त्य उपकरणं आणि भारतीय यंत्रणा एकाच जहाजात नांदवल्या. विजेच्या दाबापासून नटबोल्टच्या मापापर्यंत तीन घराण्यांची सोयरीक जुळवायची होती. १० डिसेंबर १९८३ रोजी 'गोदावरी' दाखल झाली, १९८५ मध्ये 'गंगा' आणि १९८८ मध्ये 'गोमती'. पर्वत संपले, नद्या सुरू झाल्या. फ्रिगेटना पर्वतांची, नद्यांची किंवा शस्त्रांची नावं, विनाशिकांना शहरांची, पाणबुड्यांना बहुधा जलचरांची असा नौदलाचा साधारण शिरस्ता आहे.

त्या सहा पर्वतांचं पुढे काय झालं? 'नीलगिरी' १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९७ मध्ये, सी हॅरियर विमानातून सोडलेल्या सी ईगल क्षेपणास्त्राचं लक्ष्य होऊन बुडाली. बांधणाऱ्यांना हे ऐकून कसंसं होतं, पण युद्धनौकेच्या दृष्टीनं भंगाराच्या ढिगापेक्षा हा शेवट बरा. 'विंध्यगिरी'च्या नशिबी तेवढंही सुख सहजासहजी नव्हतं. ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी, संक रॉक दीपगृहाजवळ, एका व्यापारी जहाजाशी तिची टक्कर झाली. यंत्रघराला आग लागली. तिला धक्क्याला आणून लावलं, आग विझवण्याची शर्थ झाली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच कलंडून बुडाली. जन्मली त्या गोदीपासून समुद्रमार्गानं हाकेच्या अंतरावर. पुढे तिला वर काढून २०१२ मध्ये रीतसर निरोप दिला गेला.

खुकरी, दोनदा

बुडालेल्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला देताना कुणीही दोनदा विचार करील. नौदलानं विचार केला तो असा.

पहिली 'खुकरी' ब्रिटनमध्ये बांधलेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीनं पाणतीर सोडून ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना जहाज सोडायला लावलं आणि स्वतः ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर नौदलानं लढाईत गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

नव्या कॉर्व्हेट वर्गाची पहिली नौका माझगावात तयार झाली तेव्हा तिला हेच नाव दिलं गेलं. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती दाखल झाली आणि पुढच्या वर्षी तिची बहीण 'कुठार'ही इथूनच गेली. 'खुकरी'नं ३२ वर्षं नोकरी केली, एकही गोळी अंगावर न घेता. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला सूर्यास्ताबरोबर तिची पताका उतरली. नेहमीप्रमाणे ती भंगारात जायची, पण तिला दीवला नेण्यात आलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या प्रशासनाकडे स्मारक म्हणून सोपवलं गेलं. पहिली 'खुकरी' दीवच्या समुद्रात तळाशी आहे आणि दुसरी किनाऱ्याला.

ऐंशीच्या दशकात गोदी केवळ युद्धनौकांवर चालत नव्हती हेही नोंदवून ठेवायला हवं. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रासाठी समुद्रात उभे राहणारे प्लॅटफॉर्म इथे बांधले गेले, व्यापारी जहाजं झाली, क्षेपणास्त्र नौका झाल्या. इथे या सगळ्याचा नुसता उल्लेख करून पुढे जातो.

शल्की आणि शंकुल

पाणबुडी हे निराळं प्रकरण आहे. तरंगत्या जहाजाच्या वेल्डिंगमध्ये बारीकसा दोष राहिला तर तो दुरुस्तीला येईपर्यंत खपतो. पाणबुडीत खपत नाही. दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. तीनशे मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर तीस किलोच्या आसपास भार. तो सहन करायचा तर सांगाडा जवळजवळ निर्दोष गोल हवा. खास पोलादाच्या कड्या तयार करायच्या, त्या जोडून गोल कप्पे करायचे, पोलाद आधी ठरावीक तापमानाला तापवून मगच सांधायचं, सांधा मारला की क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी तपासायचा, दोष दिसला की खरवडून पुन्हा सांधायचा. हे काम पुस्तकातून शिकता येत नाही.

११ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीतल्या कील शहरातल्या एचडीडब्ल्यू गोदीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे बांधायच्या, दोन माझगावात, आणि पुढे आणखी दोन बांधण्याची मुभा. इथले अभियंते आणि कारागीर कीलला शिकायला गेले. 'शिशुमार' आणि 'शंकुश' १९८६ मध्ये तिकडे तयार झाल्या. माझगावात 'शल्की'ची कील जून १९८४ मध्ये पडली होती. ती पाण्याला लागली सप्टेंबर १९८९ मध्ये आणि नौदलात दाखल झाली ७ फेब्रुवारी १९९२ रोजी. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. वर्तमानपत्रांनी तेवढं छापलं, ते योग्यच होतं.

वर्तमानपत्रांना न दिसलेली गोष्ट दुसऱ्या पाणबुडीत होती. 'शल्की'ला कील पडल्यापासून दाखल होईपर्यंत सात वर्षं आठ महिने लागले. 'शंकुल'ची कील सप्टेंबर १९८९ मध्ये पडली आणि ती २८ मे १९९४ रोजी दाखल झाली. चार वर्षं आठ महिने. एका पाणबुडीत तीन वर्षं वाचली. ही बचत यंत्रांनी केलेली नाही, ती त्याच माणसांनी तेच काम दुसऱ्यांदा केल्याची आहे. कोणता पाइप कोणत्या केबलच्या आधी न्यायचा, कोणता सांधा मारताना कुठे आधार द्यायचा, हे आता कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आणि तिथे काम थांबलं. या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे आरोप १९८७ मध्ये झाले होते, चौकशी लागली होती, पुढच्या दोन पाणबुड्यांचा पर्याय बासनात गेला. आरोपांची तड लावायला हवी होती यात वाद नाही. पण चौकशी चालू असताना कीलहून शिकून आलेल्या वेल्डरनं काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही फायलीत नव्हतं. काही जण इतर जहाजांच्या कामाला लागले, काही निवृत्त झाले, काही बाहेर पडले. पाणबुडीच्या शॉपमध्ये यंत्रं तशीच उभी होती. 'शंकुल' गेल्यापासून पुढच्या पाणबुडीचं पोलाद कापायला सुरुवात होईपर्यंत साडेबारा वर्षं गेली.

याच काळात पाण्यावरच्या जहाजांचं काम मात्र जोरात होतं. 'दिल्ली' ही विनाशिका १५ नोव्हेंबर १९९७ रोजी दाखल झाली, 'म्हैसूर' १९९९ मध्ये आणि 'मुंबई' जानेवारी २००१ मध्ये. सोव्हिएत संघ मोडला आणि तिकडून यायची सामग्री रखडली, म्हणून 'दिल्ली'ला जलावतरणानंतर पावणेसात वर्षं थांबावं लागलं. 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' हीसुद्धा परत आलेली नावं: या नावांच्या जुन्या क्रूझर आपण ब्रिटनकडून घेतल्या होत्या. मुंबईत बांधलेल्या जहाजाला मुंबईचं नाव मिळालं तेव्हा गोदीत थोडी जास्त मिठाई वाटली गेली असेल, तर तो अपराध धरू नये. पुढे 'शिवालिक', 'सातपुडा' आणि 'सह्याद्री' या फ्रिगेट २०१० ते २०१२ या काळात गेल्या.

कलवरी पुन्हा

ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रान्सबरोबर सहा 'स्कॉर्पीन' पाणबुड्यांचा करार झाला. सहाही माझगावात बांधायच्या. पहिली २०१२ च्या अखेरीस द्यायची होती, ती गेली १४ डिसेंबर २०१७ रोजी. पाच वर्षांच्या या उशिराला सामग्रीच्या खरेदीतला घोळ कारणीभूत होता, किमतींच्या वाटाघाटी होत्या, आणि मधल्या काळात पांगलेले हातही होते. नव्या पोरांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. या खेपेला शिक्षक फ्रेंच होते एवढाच फरक.

पाणबुडी ६७ मीटरच्या आसपास लांब. एवढ्याशा जागेत सुमारे ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर पाइप. विद्युतघटांच्या ३६० पेट्या, प्रत्येकी साडेसातशे किलोची, म्हणजे नुसत्या बॅटरीचं वजन २७० टन. आणि या सगळ्याच्या मधून ४०-४५ माणसांनी वावरायचं. गोल कप्पे बंद होण्याआधी आतली मोठी यंत्रं बसवून घ्यावी लागतात, कारण नंतर त्यांना वाट नसते. मजले थेट सांगाड्याला न जोडता धक्का शोषणाऱ्या आधारांवर बसवलेले असतात, म्हणजे आतल्या यंत्रांची थरथर बाहेरच्या पाण्यात पोचत नाही. एखादा पाइप दोन बोटं इकडे सरकला तर त्यामागून येणाऱ्या पाचांची वाट बंद होते, मग पाचही काढायचे आणि पुन्हा लावायचे.

नावं सगळी जुनी. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या आपल्या पहिल्या आठ 'फॉक्सट्रॉट' पाणबुड्यांपैकी सहा नावं या मालिकेत परत आली. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली, कमांडर के. एस. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली, आणि ती तारीख आजही पाणबुडी दिन म्हणून पाळली जाते. सुएझ कालवा त्या वर्षीच्या युद्धानं बंद पडलेला, म्हणून ती आफ्रिकेला वळसा घालून घरी आली. पहिल्या चार पाणबुड्यांची नावं 'क'-'ख'ची: कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा. पुढच्या चार 'व'च्या: वेला, वागीर, वागली, वागशीर. जुनी 'वेला' ३७ वर्षं चालली. 'कुरसुरा' आणि 'वागली' ही नावं तेवढी परत आली नाहीत. 'कुरसुरा' विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय होऊन अजून उभी आहे, तिकीट काढून आत जाता येतं.

मराठी वाचकाला यातली दोन नावं घरची आहेत. करंज म्हणजे उरणचं करंजा बेट. खांदेरी म्हणजे थळच्या समोरचं बेट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांची मोठी जहाजं बेटाला वेढा घालून बसली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हलक्या, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिल्या आणि किल्ला उभा राहिला. वर न दिसता काम उरकणाऱ्या पाणबुडीला याहून चपखल नाव मिळायचं नाही. गंमत अशी की २०१७ मध्ये नव्या 'खांदेरी'चं जलावतरण झालं तेव्हा किल्ल्याची कथा सांगितली गेली आणि २०१९ मध्ये ती दाखल झाली तेव्हा त्याच नावाच्या शिकारी माशाची. नौदलाला दोन्ही मान्य दिसतात. आपल्यापुरतं म्हणाल तर मासा नौदलाचा, किल्ला आपला.

'करंज'ची गोष्ट माणसांची आहे. जुनी 'करंज' ४ सप्टेंबर १९६९ रोजी रीगाला दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान होते कमांडर मोहन नारायणराव सामंत. १९७१ मध्ये त्यांनी मुक्तिवाहिनीच्या गनबोटी घेऊन खुलना बंदरावर धडक दिली आणि महावीर चक्र मिळवलं. त्याच पाणबुडीच्या पहिल्या खलाशीचमूत तरुण विजयसिंह शेखावत होते. युद्धात ते 'करंज'चे कप्तान झाले, वीर चक्र मिळवलं, पुढे नौदलप्रमुख झाले. १० मार्च २०२१ रोजी माझगावची 'करंज' दाखल झाली त्या समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून तेच निवृत्त ॲडमिरल हजर होते. रीगाच्या धक्क्यावर जे नाव लागताना पाहिलं, तेच नाव मुंबईत बांधलेल्या पाणबुडीला लागताना पाहण्याचा योग फार थोड्यांना आला.

'वेला' त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली, 'वागीर' २३ जानेवारी २०२३ रोजी. तोवर भारतात बांधलेल्या पाणबुड्यांत सर्वांत कमी वेळात तयार झालेली पाणबुडी म्हणून नौदलानं 'वागीर'ची नोंद केली. पाचव्या खेपेला वेळ वाचला. 'शल्की'-'शंकुल'चा हिशेब पुन्हा तोच.

जहाजाखालची नोंद

यार्ड ७०१, म्हणजे पुढे 'कोलकाता' झालेली विनाशिका. ७ मार्च २०१४ रोजी तिच्यावर चाचणी चालू असताना कार्बन डायऑक्साइड वायूची गळती झाली आणि नौदलाचा एक अधिकारी प्राणाला मुकला. २१ जून २०१९ रोजी बांधणी चालू असलेल्या 'विशाखापट्टणम'वर आग लागली, त्यात एक तरुण कंत्राटी कामगार गेला. दोन्ही जहाजं पुढे थाटात दाखल झाली. जहाजाच्या नावाची पाटी पितळेची असते, ती घासून चकचकीत ठेवायला माणूस असतो. या दोघांची नोंद निदान अशा ग्रंथात तरी राहावी.

'विशाखापट्टणम' वर्गाच्या चार विनाशिकांची नावं देशाच्या चार दिशांना वाटली आहेत. पूर्वेची 'विशाखापट्टणम' नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखल झाली. पश्चिमेची 'मोरमुगाव' पहिल्यांदा समुद्रात निघाली ती १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीच्या साठाव्या वाढदिवशी, आणि दाखल झाली पुढच्या वर्षी १८ डिसेंबरला. 'इंफाळ' हे ईशान्येतल्या शहराचं नाव मिळालेली पहिली युद्धनौका, २६ डिसेंबर २०२३. इंफाळला समुद्र नाही म्हणून त्या वेळी थोडी थट्टाही झाली. म्हैसूरलाही नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात एकाच समारंभात माझगावची तीन अपत्यं दाखल झाली: विनाशिका 'सुरत', पाणबुडी 'वागशीर' आणि फ्रिगेट 'नीलगिरी'. नवी 'नीलगिरी', यार्ड १२६५१. जुन्यापेक्षा दुपटीहून जड, देशात बनलेल्या पोलादाची, आराखडाही आपलाच. तिच्या वर्गात सात जहाजं आहेत. सहा जुन्या लिअँडरांची नावं आणि सातवं नवं, 'महेंद्रगिरी'. मात्र जुनी सहाही माझगावची असूनही 'हिमगिरी', 'दुनागिरी' आणि 'विंध्यगिरी' ही नावं आता कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेल्या जहाजांना मिळाली आहेत. १९६० मध्ये दोन्ही गोद्या एकदमच सरकारकडे आल्या होत्या, तेव्हा भावाभावांतली वाटणी म्हणून सोडून देऊ. 'उदयगिरी' ऑगस्ट २०२५ मध्ये दाखल झाली, 'हिमगिरी'च्या जोडीनंच.

पाणबुडीच्या शॉपमध्ये आता काय आहे? कीलला १९८६ मध्ये जन्मलेली 'शंकुश' दुरुस्ती आणि आयुर्मान वाढवण्याच्या कामासाठी माझगावकडे आली, त्याचा २,७२५ कोटी रुपयांचा करार जून २०२३ मध्ये झाला. पुढच्या सहा नव्या पाणबुड्यांसाठी गोदीनं बोली लावली ती पुन्हा कीलच्याच मंडळींना, आजच्या टीकेएमएसला, सोबत घेऊन. आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी, 'वागशीर' दाखल व्हायच्या सोळा दिवस आधी, आणखी एक करार झाला: डीआरडीओनं विकसित केलेली हवेविना चालणारी ऊर्जायंत्रणा कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठी लागणारा नवा कप्पा माझगावनं बांधायचा, सुमारे १,९९० कोटी रुपयांत. त्यासाठी पाणबुडीचा सलग सांगाडा मधोमध कापून दोन भाग दूर करायचे, नवा कप्पा आत घ्यायचा आणि दोन्ही बाजूंचे सांधे पुन्हा तितक्याच काटेकोर गोलाईत मारायचे. 'कलवरी'चे मूळ सांधे ज्यांनी मारले त्यांतले पुष्कळ जण अजून कामावर आहेत. या खेपेला त्यांना शोधत हिंडावं लागणार नाही.